लोणावळ्यातल्या अठरा मुली

६ मार्च, शुक्रवार. गव्हाचा चीक काढत होते. तीन दिवस भिजलेले गहू सकाळीच वाटून झाले होते आणि मी अंगणात पातेल्यावर फडकं बांधून पिळायला बसले होते. होळी झाली की आमच्याकडे कुरडयांचे दिवस सुरू होतात. टाकव्यातल्या बाकीच्या बायका घरापुरत्या करतात, मी विकायलाही करते. हात कोपरापर्यंत पांढरे असताना फाटकासमोर गाडी थांबली आणि सर उतरले.

सर म्हणजे मुलीच्या शाळेत पंधरवड्यापूर्वी उगवलेले फुटबॉलचे सर. शाळेचे नव्हेत, बाहेरचे. मैदानाच्या कडेला उभे राहून मोबाइलवर मुलींचा खेळ टिपत असत. मला ते कळलं तेव्हाच पटलं नव्हतं. मुलगी म्हणाली होती, "आई, खेळाडू असेच निवडतात." मी म्हटलं होतं, "गुरंही अशीच निवडतात."

मुलगी अकरावीत होती आणि तिच्यापुढे अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. शाळेच्या संघात जेमतेम आठ मुली. त्यातल्या निम्म्या दहावीच्या, परीक्षा संपली की जाणार. पुढच्या वर्षी संघच उरणार नव्हता. गावातल्या मैदानावर पोरांचं क्रिकेट. ही एकटी भाताच्या रिकाम्या खाचरात चेंडू मारत बसायची. म्हणजे आता कुठे सोय झाली नाही तर खेळ संपला, एवढं सरळ गणित होतं. सर नेमके तेच गणित घेऊन आले होते.

खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. त्या आठवड्यात ऑस्ट्रेलियात आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा चालू होती आणि आपला संघ तिथे खेळत होता. मला हे माहीत होतं, कारण घरात दुसरा विषय नव्हता.

"बघा वहिनी, ह्या पोरी काय वेगळ्या आहेत का? अशाच गावातल्या. उद्या जपानशी खेळतायत. पुढच्या स्पर्धेत ह्यांच्यात मावळची पोरगी असली पाहिजे, आणि ती तुमची असेल."

लोणावळ्यात, भुशी धरणाच्या पुढे एका बंगल्यात त्यांनी मुलींसाठी राहून शिकायचं केंद्र काढलं होतं. अठरा मुली आधीच राहायला आल्या होत्या. सोमाटण्याची एक तर महिन्यापासून तिथे होती. राहणं, जेवण, बूट, सगळं फुकट. पैसे एक मोठा माणूस देणार. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. रविवारी गाडी पाठवतो म्हणाले.

"इतकी घाई कशाला?" मी विचारलं.

"स्पर्धा चालू आहे तोवर मुलींच्या डोक्यात ते वारं असतं. ते उतरायच्या आत कामाला लावायचं."

"आणि आम्ही भेटायला कधी यायचं?"

"पहिले दोन महिने नको. घरची माणसं दिसली की मुली ढिल्या पडतात."

मी फडकं जरा जास्तच जोरात पिळलं. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण माणसाला प्रश्न विचारायचा असतो हे कळतं.

"आवं सर, एवढ्या पोरींचं जेवान कोन करतं?"

"बाई आहे ना, आजी. आणि नुसतं जेवण नाही. रोज सकाळी प्रत्येकीला ग्लासभर म्हशीचं दूध आणि दोन अंडी. खेळायचं म्हणजे अंगात ताकद पाहिजे."

"कुनाचं दूध?"

"तिथलाच एक जण घालतो," सर म्हणाले.

इथे त्यांची चूक झाली. मुंबईच्या बाईला दुधाची गोष्ट सांगितली असती तर खपली असती. मावळात कुणाच्या घरी किती माणसं आहेत हे दाराबाहेरच्या चपलांवरून कळत नाही, दुधाच्या रतिबावरून कळतं. घरात पाहुणा आला की दूधवाल्याला शेजाऱ्याआधी समजतं. अठरा ग्लास म्हणजे कॅनभर दूध. एवढं दूध भुशीच्या रस्त्याने रोज वर जात असेल तर ते कोण नेतो हे मला पाचच मिनिटांत कळणार होतं, कारण त्या बाजूच्या बंगल्यांना माझा मावसभाऊच दूध घालतो.

सरांना चहा दिला, उद्या कळवते म्हटलं आणि ते गेल्यावर हात धुऊन फोन लावला.

"त्यो वळणावरचा बंगला?" भाऊ म्हणाला. "आक्का, तितं शनवार-ऐतवारी दोन पिशव्या जात्यात. त्या बी च्यापुरत्या. मदल्या दिवसांत गेटला कुलूप असतंय."

"अठरा मुली राहतात म्हणे तिथे."

"अठरा?" तो हसला. "मग त्या काय काळा च्या पित्यात का? तुला कुनी सांगितलं?"

"दुसऱ्या कुणाकडून दूध घेत असतील."

"माझ्या रस्त्यावर? कोन यील?"

मुलगी मागे उभी राहून ऐकत होती. "पिशवीचं दूध आणत असतील दुकानातून," ती म्हणाली. "मामाला काय सगळ्या जगाचं माहीत असतं का?"

"म्हणूनच आपण बघून येऊ," मी म्हटलं. "उद्या. न सांगता."

नवऱ्याची तळेगावच्या कारखान्यात दुसरी पाळी चालू होती. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य त्याला फार सोयीचं पडतं.

शनिवारी उजाडायच्या आत चीक शिजवला, कुरडया घातल्या, सासूबाईंना कावळ्यांवर लक्ष ठेवायला बसवलं आणि दुपार कलल्यावर आम्ही दोघी स्कूटरवर निघालो. कान्हे फाट्याहून जुना हायवे, कामशेत, कार्ला.  मुलीने बॅग भरली नव्हती, पण फुटबॉलचे बूट पिशवीत घेतले होते. मी ते पाहिलं.

मार्चमध्ये भुशीकडे कुत्रं फिरकत नाही. पावसाळ्यात जिथे गाड्यांच्या रांगा लागतात तिथे कणसांच्या टपऱ्या प्लास्टिक बांधून उभ्या होत्या. बंगला सापडला. गेट उघडं होतं, आत पुण्याच्या दोन गाड्या, पोहायच्या तलावाकाठी चार-पाच तरुण पोरं-पोरी आणि मोठ्याने गाणी. माझ्या मुलीच्या वयाचं कुणी नव्हतं आणि फुटबॉल तर नव्हताच.

रखवालदाराला विचारलं, "मुलींचं केंद्र कुठे आहे?"

त्याने मला आणि मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कसल्या मुलींचं?" त्याच्या विचारण्यातच मला जे कळायचं ते कळलं.

मी वळणार, एवढ्यात मुलगीच म्हणाली, "सरांची गाडी आहे मागे."

मागे नोकरांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. पहिलीचं दार उघडं. आत लोखंडी खाटा, एकावर एक रचलेल्या, पायांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कोपऱ्यात जाळीत नवे कोरे चेंडू. सर एका खाटेवर बसून मोबाइलवर मॅच बघत होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. बहुतेक उठायचं सुचलं नसावं.

"अठरा मुली कुठे आहेत?" मी विचारलं.

"येणारेत."

"काल होत्या."

त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "वहिनी, खरं सांगू का? कुणीच नाही आलेलं. बंगल्याच्या मालकांनी ह्या दोन खोल्या दिल्यात, ह्याच महिन्यापासून. पैसे देणारा म्हणतो, आधी मुली दाखवा, मग देतो. आणि मुलींच्या घरचे म्हणतात, आधी बाकीच्या किती आल्यात ते सांगा. पहिली पोरगी पाठवायला कुणी तयार नाही. मग मी काय करू? प्रत्येकाला सांगितलं, बाकीच्या आल्यात."

"सोमाटण्याची?"

"तिच्या आईला सांगितलंय, टाकव्याची तुमच्या आधी आलीय."

"आणि दोन महिने भेटायचं नाही, ते का?"

 उत्तर त्या खाटांवरच लिहिलेलं होतं. कुणी भेटायला आलं असतं तर रिकाम्या खोल्या दिसल्या असत्या.

"तुमच्या घरी मुलगी आहे का?" मी विचारलं.

"आहे. चौथीत."

"तिला पाठवाल, अशा ठिकाणी? जिथे पहिली तीच असेल, आणि बाहेर हे सगळं चालू असेल?" मी तलावाकडे हात केला.

त्यांनी बाहेर पाहिलं नाही. त्यांची नजर पुन्हा मोबाइलवर गेली होती आणि ते एकदम ओरडले, "अगं, मधे का आलीस! कडेने ये, कडेने!" जपानच्या मुलींनी गोल केला. माझी मुलगी न बोलावता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. "मागची मोकळी सोडली," ती म्हणाली. "तेच तर," सर म्हणाले. क्षणभर दोघं विसरले की मी तिथे आहे. माणसाला खेळ मनापासून कळत होता, यात शंका नव्हती. पण खेळ कळतो म्हणून माणूस खरा, असं काही नसतं. खोटं बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, हे मी आदल्या दिवशी माझ्याच अंगणात पाहिलं होतं.

"चल," मी मुलीला म्हटलं.

"अजून मॅच चालू आहे."

"घरी बघ."

ती आली. सरांनी गेटपर्यंत येऊन विचारलं, "वहिनी, एप्रिलमध्ये बाकीच्या आल्या तर?"

"आल्या तर त्यांच्या आयांना विचारीन," मी म्हटलं. "तुम्हाला नाही."

कार्ल्याच्या पुढे मुलीने मला स्कूटर थांबवायला लावली. उतरली आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली. मी हेल्मेट काढलं.

"तू आधीच ठरवलं होतंस," ती म्हणाली.

"हो. पण बघायला आले की नाही?"

"बघायला नाही, पकडायला आलीस." मग वळून म्हणाली, "एक खोटं बोलले ते. एकच. कुणीतरी पहिलं आल्याशिवाय सुरू कसं होणार?"

"पहिली तू व्हायला नकोस."

"मग दुसरी कोणी होणार नाही. आणि मी बारावीत नुसती बसून राहीन. तुला तेच पाहिजे."

मला ते नको होतं. पण रस्त्यात उभं राहून मुलीला समजावण्यात अर्थ नसतो, मागून ट्रक येत असतात. "बस," म्हटलं. बसली. घरी आल्यावर जेवली नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "पोरी न्हवत्या तितं." सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच. अंडी बी दोन-दोन म्हनं." मुलीने आत जाऊन दार लावलं.

रात्री कुरडया आत घेताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सरांचं सगळं खोटं होतं, पण सोमाटण्याची मुलगी खरी होती. तिची आईही माझ्यासारखीच खोटी यादी ऐकून बसली असणार. आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. टाकव्याची आधीच गेलीय म्हणून त्या बाईने आपली मुलगी गाडीत बसवली असती.

सकाळी सहाला मी मुलीला उठवलं. "बूट घे," म्हटलं. तिने बूट पिशवीत टाकले. माझ्यावरचा राग तिच्या तोंडावर तसाच होता. सोमाटणे फाट्यावर चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, फुटबॉल खेळणारी मुलगी कुठे राहते. त्याने तीन प्रश्न विचारल्यावर मग घर दाखवलं.

दार एका बाईने अर्धंच उघडलं. तिच्या पायाशी भरलेली बॅग होती आणि मागे माझ्या मुलीएवढीच एक मुलगी, वेणी घालून तयार.

"लोणावळ्याच्या सरांनी पाठवलं का तुम्हाला?" बाईने विचारलं. दारावरचा हात तिने काढला नव्हता.

"नाही. मी टाकव्याची. तुम्हाला सांगितलं असेल की माझी मुलगी आधीच तिथे राहायला गेलीय." मी मुलीला पुढे ओढलं. "ही ती. काल आम्ही जाऊन आलो. तिथे खाटा आहेत, पोरी नाहीत."

बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुलीकडे पाहिलं, मग रस्त्यावर उभ्या स्कूटरकडे. "आणि हे तुम्ही खरं सांगताय कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. मीही हाच विचारला असता. मी भावाचा नंबर दिला, सासूबाईंचा दिला आणि म्हटलं, आधी फोन करा, मी बाहेर थांबते. ती खरोखरच दार लावून आत गेली. मी पायरीवर बसले. तिची मुलगी मात्र बाजूच्या बोळातून बाहेर आली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "कुठे खेळतेस तू? पुढे का मागे?"

"पुढे."

"मी गोलकीपर."

दार पुन्हा उघडलं तेव्हा बाईने बॅग उचलून आत ठेवली होती. मी तिला विचारलं, तुमच्याकडे रविवारी मोकळं असलेलं मैदान कुठे आहे, आणि तिथे बसायला सावली आहे का. आहे म्हणाली. मुली तिथे खेळायला उतरल्या, आम्ही दोघी आया कडेला बसलो आणि त्यांच्यावरून नजर हलवली नाही.