व्याहीबुवांची साक्ष

माझी मुलगी प्रोटेस्टंट घरात पडली. पडली म्हणजे सून म्हणून गेली हो, सुखात आहे. आम्ही मूळचे वसईकडचे कॅथलिक. मी कर्जतच्या शाळेत शिक्षक म्हणून आलो आणि इथलाच झालो. व्याही नगरकडचे. कारखान्यातल्या नोकरीपायी खोपोलीला आले, शिळफाट्याला घर बांधलं, आणि तिथल्या मंडळीचे, म्हणजे त्यांच्या चर्चचे, वडील झाले. वडील म्हणजे पाळकांच्या, त्यांच्या धर्मगुरूंच्या, खालोखाल मान. लग्न ठरवताना मानपान, जेवणावळ, कशावरूनही आमचा तंटा झाला नाही. तंटा झाला तो तारणावरून, म्हणजे माणसाचा आत्मा तरतो कशानं यावरून, आणि तो आठ वर्षं चालू आहे.

रविवारी त्यांची उपासना आणि माझी मिस्सा आटोपली की आम्ही पळसदरीच्या धरणावर भेटायचो. दोघांनाही ते मधलं ठिकाण. ते स्कूटरवरून यायचे, मी रिक्षानं. चहा घ्यायचा आणि भांडायचं.

त्यांचं म्हणणं सरळ. "येशूवर विश्वास ठेवला, तारण झालं. कृपेनं झालं. विषय संपला. तुम्ही लोक त्यात सत्कर्मं घालता, संत घालता, मेलेल्यांसाठीसुद्धा प्रार्थना करत बसता!"

"कृपेनंच होतं. आम्ही कुठे नाही म्हणतो?" मी सुरू व्हायचो. उभा जन्म फळ्यासमोर गेला, समजावायला घेतलं की मला थांबता येत नाही. "पण ती बघा समोरची भातखाचरं. पाऊस त्याचा, ऊन त्याचं. चिखलात वाकायचं कुणी?"

"म्हणजे तुमची भिस्त स्वतःच्या कंबरेवर!"

"अहो, वाकायचं बळही तोच देतो!"

"मग माझंच खरं की!"

असा माणूस. एकदा मी शुद्धिस्थान समजावलं. माणूस देवाशी जोडलेला असतानाच मरतो, पण मनावरचा मळ पुरता निघालेला नसतो. तो निघेपर्यंतची ती अवस्था. तर हे मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे एटीकेटी!" मी असा भडकलो की चहावाल्या मावशींना राहवलं नाही. "आवो, तुमचा दोगांचा देव येकच हाय ना? मंग भांडता कशाला?" त्यावर आम्ही दोघं एकजुटीनं मावशींना फरक समजावू लागलो. त्या नादात बिचारीचं दूध उतू गेलं.

मला हा माणूस फार आवडतो. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, डोक्यावर बसतील. एका गोष्टीचा मात्र हेवा वाटायचा, त्यांच्या खात्रीचा. 'मेलो की थेट प्रभूपाशी' हे ते, उद्या जरा पुण्याला जाऊन येतो, अशा सुरात सांगायचे. आमच्यात अशी खात्री कुणी देत नाही. आम्ही आशा धरतो, आणि देव चांगला आहे म्हणून झोपी जातो.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात ब्लॉकेज निघाले. बायपास ठरली. अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "पळसदरीला या." वार मंगळवार. मी धावतपळत गेलो. ते आधीच येऊन बसले होते, आणि चहा नको म्हणाले.

"तुमच्यात काय चुकलं ते फादरला जाऊन सांगतात ना?" त्यांनी विचारलं.

"सांगतात. पण मी काही फादर नाही."

"माहिती आहे हो. तुम्हालाच सांगायचंय."

झालं होतं असं. रविवारी मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. त्यांच्यात अशा वेळी माणूस उभा राहून साक्ष देतो, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतो. हेही उभे राहिले. म्हणाले, मला काडीची भीती नाही, माझं तारण पक्कं आहे. सगळ्यांनी आमेन म्हटलं, बायकांनी डोळे पुसले.

"साफ खोटं बोललो," ते म्हणाले. "मला घाम फुटतो. किती जणांच्या उशाशी बसून मी सांगितलं, शंका धरू नका म्हणून! आता माझ्यावर आली तर हे असं. विश्वासानं तारण होतं ना? मग विश्वासच डळमळला, तर माझ्याजवळ उरलं काय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी सरशी होत होती आणि मला रडू येत होतं. नको होती मला असली सरशी.

"हे बघा," मी म्हणालो, "आमच्यात भीती वाटली म्हणून कुणी बाद होत नाही. मी तर रोज घाबरतो. घाबरत घाबरत 'देवा, तूच बघ' म्हटलं तरी तो विश्वासच. आणि एकट्यानं तरायचं असतं, असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. म्हणून ते संत, म्हणून मेलेल्यांसाठी प्रार्थना, तुम्हाला खटकतं ते सगळं गचपण म्हणूनच आहे. एकाचं कमी पडलं तर दुसऱ्यानं धरायचं. तान्ह्या पोराला बाप्तिस्मा देतो, तेव्हा त्याला काय कळतं? त्याच्या वतीनं बाकीचे विश्वास धरतात. उद्या तुम्हाला नाही जमलं, तर तुमच्या वतीनं मी धरतो."

"असं चालतं?"

"आमच्यात चालतं."

मग बायबल तोंडपाठ असलेला तो माणूस हळूच म्हणाला, "तो लुळा. गर्दीतून नेता येईना म्हणून चौघांनी छप्पर उसकटून खाटेसकट प्रभूपुढे सोडला होता, तो. प्रभूनं त्या आणणाऱ्यांचा विश्वास बघितला. पडलेल्याला काही विचारलंच नाही." थांबून म्हणाले, "किती वेळा शिकवलंय मी हे."

खरं सांगतो, मला ती गोष्ट आठवलीसुद्धा नव्हती.

ऑपरेशन छान झालं, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. त्यांना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा पॅसेजमध्ये अर्धी मंडळी उभी होती. विहीणबाई, मुलगी, जावई, सगळे. पाळकांनी वाकून प्रेमानं विचारलं, "मग भाऊ, भीती नाही ना?"

'नाही' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

"आहे," ते म्हणाले. "फार आहे. रविवारी मी खोटं बोललो. आज माझ्याच्यानं विश्वास धरवत नाही. तुम्ही धरा."

विहीणबाईंनी पुढे होऊन स्ट्रेचरचा दांडा पकडला. मग पाळकांनी. मग एकेक करत सगळ्यांनी. मला पायाशी थोडी जागा मिळाली. नर्स म्हणत होती, "अहो, सोडा आता, डॉक्टर थांबलेत." कुणी सोडेना.