प्रतिसादक क्रमांक अकरा

संशोधकाला नातेवाईक नसतात, असं आमचे मार्गदर्शक सांगत. मला सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात बरेच होते.

आज वाळत्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला आणि वहिनीचं अंगण आठवलं. मोह वेचायला गेलेल्या माझ्या मोठ्या भावाला वाघाने मारलं, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. माझा प्रबंध अशाच मृत्यूंवर होता; मुलाखतींच्या यादीत वहिनी अकरावी होती. प्रश्न छापल्याप्रमाणेच वाचायचे, असा नियम होता.

"मृताशी आपले नाते?"

फुलं पसरणारा वहिनीचा हात थांबला. "तुमाले माहीत नाई काय, भाऊजी?"

"सगळ्याईले असंच विचारून राह्यलो."

"मंग लिवा, बायको. आन् त्याईचं नाव लिवजा. सरकारी कागदात नुसतं 'एक इसम' हाये."

मी नाव लिहिलं. मार्गदर्शकांनी खोडलं, नावाने सूर हळवा होतो म्हणाले. मी प्रबंध तसाच छापायला दिला. तेव्हा मला ती तटस्थता वाटली होती.

छापील प्रबंध घेऊन गेलो, तेव्हा वहिनीने विचारलं, "त्याईचं नाव कुठी हाये?" तिला वाचता येत नव्हतं. मी एका पानावरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. तिने त्यावरून हळूच हात फिरवला.

तो वनखात्याने वाघाला दिलेला क्रमांक होता.