एक हात बोल्सात

"एक हात बोल्सात!" प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र चालू करण्याआधी आमचे सहायक असं ओरडायचे आणि स्वतःचा डावा हात पँटच्या खिशात कोंबायचे. बोल्स म्हणजे आमच्याकडे खिसा. हजारभर व्होल्टच्या यंत्राला दोन्ही हात लागले, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून एक हात बंदोबस्तात. नियम अगदी बरोबर, पण ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरतानाही डावा हात खिशात घालायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सर, करंट काय नुसतो वायरीत आसता?"

मी उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तिथल्या प्रयोगशाळेचं सगळं ते बघायचे. पदवी प्राध्यापकाकडे आणि अक्कल याच्याकडे, असा एक माणूस प्रत्येक कॉलेजात असतो. तुम्हीही पाहिला असेल. जन्म पेडण्याचा, सासुरवाडी सर्वणची आणि मुक्काम सासुरवाडीतच. पोरं घरजावई म्हणून चिडवायची. "जावय सर्वणचो, पण बोली पेडण्याची सोडूक नाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आमच्याकडचा सर्वांत देखणा प्रयोग लेसरचा. लेसरच्या वाटेत दोन पोलरॉइड काचा अशा उभ्या-आडव्या लावायच्या, की पलीकडे काळोख. मधे बोटाच्या पेराएवढा स्वच्छ स्फटिक. त्याला विजेचा दाब दिला, की आतून जाणाऱ्या प्रकाशाचं कंपन वळतं आणि पडद्यावर तांबडा ठिपका उगवतो. दाब काढला, की मावळतो. पडदा म्हणजे त्यांच्या मेहुणीच्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. मी फळ्यावर तासभर समीकरणं लिहायचो आणि ते एका वाक्यात संपवायचे, "वीज दिली काय ह्यो फातर उजवाडाक वाट देता." फातर म्हणजे दगड, उजवाड म्हणजे उजेड. परीक्षेत पोरं त्यांचंच वाक्य लिहायची. मला राग यायचा, तरी गुण द्यावे लागायचे.

त्या प्रयोगात एक गोम होती. दोन्ही काचा स्फटिकाशी एका ठरावीक तिरक्या कोनातच हव्यात. कोन चुकला तर काळोख छान पडतो, पण मग कितीही वीज द्या, ठिपका काही उगवत नाही. हा कोन त्यांनी चार दिवस खपून शोधला होता आणि मुलीच्या नेलपॉलिशने काचांभोवतीच्या फिरत्या कड्यांवर लाल खुणा केल्या होत्या. "सर, कड्यांक हात लावू नकात," असं मला दोनदा बजावलंही होतं.

ते अकरा वर्षं कंत्राटावर होते. दर जूनला नवा कागद. त्या वर्षी त्यांना कायम करण्याची गोष्ट निघाली होती आणि तपासणी समितीचा शेरा त्यात धरला जाणार होता. घरी त्यांनी सांगूनही टाकलं होतं. माझी बढतीही त्याच समितीपुढे होती.

समिती यायची त्या सकाळी मी लवकर पोचलो. ते सभागृहात खुर्च्या मांडत होते. प्रयोग लावून तयार होता, पण वीज नसतानाही पत्रिकेवर किंचित लाली उरलेली मला दिसली. पाहुण्यांना कसा ठार काळोख दाखवावा, असं मनात आलं. मी दोन्ही कडी थोडी थोडी करत बरीच फिरवली. ठार काळोख मिळाला आणि मी खूश झालो. एवढी वर्षं हा धडा शिकवणाऱ्या माणसाला, लाल खुणा कुठे गेल्या, हे बघायचं सुचलं नाही.

तासाभराने समितीचे तिघे पत्रिकेकडे डोळे लावून उभे राहिले. "एक हात बोल्सात!" म्हणत त्यांनी बटण फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. पत्रिका कोरीच. मी काचांकडे पाहिलं आणि खुणा जागेवर नाहीत हे मला दिसलं. हो, तेव्हाच दिसलं. नंतर कळलं असं म्हणता आलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

"यांनी पुसताना हलवलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी खुणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "माझीच चूक झाली आसतली, सर."

ते कडी खुणेवर आणायला पुढे झाले, पण समिती तोवर पुढच्या खोलीकडे वळली होती. दुपारी प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. खरं बोलायची दुसरी संधी चालून आली होती. मी दोन ओळी लिहिल्या. त्यात 'हलगर्जीपणा' हा शब्द होता आणि तो मला शोधावा लागला नाही.

जूनमध्ये त्यांचा कागद आला नाही. मला बढती मिळाली. चाव्या माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "भिंगार तोंडान फुकू नकात, थुकी उडता." सर्वण माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटं. तेव्हापासून मी तो रस्ता टाळतो, लांबचा वळसा घेतो. मला माझी लाज वाटते आणि लाजेने माणूस सुधारतो हेही काही खरं नाही.

गेल्या महिन्यात वाळपईला कचेरीच्या कामासाठी गेलो होतो. बाजारात पंपदुरुस्तीच्या दुकानात ते दिसले. टेबलावर मोटर उघडी पडली होती. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, समोरून चहा मागवला.

"फातर बरो आसा मां, सर?"

"आहे. तुमच्याच खुणांवर चालतो."

ते हसले. आता बोलायचं, असं ठरवून मी पुढे वाकलो. "त्या दिवशी ती कडी..."

"चाय निवता, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी चहा प्यायलो.

निघताना माझी नजर टेबलाखाली गेली. मोटरची वायर गुंडाळून जमिनीवर पडली होती, प्लग कुठेच लावलेला नव्हता. ते उजव्या हाताने मला निरोप देत होते. डावा हात खिशात होता.