लाखेखालचे शब्द

सोमवार, १८ नोव्हेंबर २००२. पुणे स्टेशन. हजर : मी, माझी नणंद सुधावन्सं आणि आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली फरीदा. सामान : पिशव्या तीन, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी एक (फुटलेली).

अमरावतीत आता टायपिंग शिकायला कोणी येत नाही, म्हणून आम्हीही कॉम्प्युटर घेतले. पुण्याच्या एका कंपनीने नमुन्याचं काम दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरोत एक पुस्तक-प्रकाशक होता. त्याची तिथल्या ग्रंथालयात उरलेली पत्रं फोटोंवरून वाचून टाइप करायची. नमुना पसंत पडला तर सगळी पत्रं आमच्याकडे येणार, नाहीतर इन्स्टिट्यूटला कुलूप.

कंपनी वारज्याला. रिक्षावाले म्हणाले, "वारज्याला लोक राहायला जातात, कामाला नाही." तरी नेलं. वाटेत अमृततुल्यात (इकडे चहाच्या दुकानाला असं म्हणतात) थांबलो. मी साखर कमी सांगितली. मालक म्हणाले, "चहा तयार आहे. आपण फक्त प्यायचा." चहा उत्तम होता, हे नोंदवते.

नमुना तपासायला लिमये सर होते, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पानं उलटली.

"जिथे शब्द वाचता आला नाही, तिथे रिकामा कंस टाकलाय आपण. कंस सुरेख आहेत, मॅडम. पण एवढे कंस आमच्या गणिताच्या पुस्तकातही नव्हते."

"सर, तिथे कागदच नाही, भोक आहे," फरीदा म्हणाली.

तेही खरं. त्या काळी पाकिटं नव्हती. कागद घडी करून लाखेने चिकटवत, आणि उघडताना तो फाटे.

"दुसऱ्या एका गावाचाही नमुना आलाय," सर म्हणाले. "संध्याकाळी एकाचं नाव एडिंबरोला कळवायचंय."

सुधावन्सं पत्राचा फोटो पाहायला कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ सरकल्या. अंतर्देशीय पत्र धसमुसळेपणाने फाडण्यात आमच्या घरात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

"अहो वहिनी, हे आपल्या अंतर्देशीयासारखंच की. फाटलेला तुकडा समोरच्या कडेला चिकटून जातो. तिथे पाहिलंत का?"

"कडा आम्ही कापतो. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून," सर म्हणाले. "तिथे नुसते डाग असतात."

"कसले डाग?"

सरांनी चष्मा पुसला, मग कंपनीच्या इंजिनिअरला हाक मारली. न कापलेला फोटो उघडला. पानाच्या कडेला लाखेचा लालकाळा गोळा होता, आणि त्याला चिकटलेली कागदाची कपची. कपचीवर अक्षरं, उलटी. फरीदाने मान वाकडी करून वाचलं : तिसरा खंड. प्रकाशक लेखकाकडे कादंबरीचा तिसरा खंड मागत होता. तगादा इतका गोड की लेखकाला रागही येऊ नये. हा माणूस मला फार आवडायला लागला आहे.

मग आम्ही उठलोच नाही. मी पानं काढत गेले, सुधावन्सं डाग शोधत गेल्या, फरीदा टाइप करत गेली. चार वाजता एक सोडून सगळे कंस भरले होते.

"दुसऱ्या गावाने हे केलेलं नाही," लिमये सर म्हणाले. "आम्हीही केलं नव्हतं. ते आपण अमरावतीत फार जोरात सांगू नका."

आमचं नाव त्यांनी आमच्यासमोर कळवलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत दगडूशेठला नमस्कार केला, दोन नवे कीबोर्ड घेतले आणि खडकवासल्याला गेलो. धरणाच्या भिंतीजवळ वारा असा, की फरीदाची ओढणी तीनदा पकडावी लागली. भाजलेली कणसं खाल्ली. "वहिनी, आता माझ्या पत्र फाडण्याला नावं ठेवायची नाहीत," सुधावन्सं म्हणाल्या. मी कबूल केलं.

परतीच्या गाडीत वाटलं, आपण नीटनेटकेपणा म्हणून जे कापतो, ते एकदा उलटून पाहावं. आता इन्स्टिट्यूट उघडी आहे आणि पत्रांची पहिली सीडी आली आहे.

एक कंस रिकामाच आहे. एका नव्या लेखकाला प्रकाशकाने त्याचं पुस्तक छापणार की नाही ते कळवलं आहे, आणि नेमकं तिथेच भोक आहे. त्या पत्राची लाखच गळून पडली आहे. ती एडिंबरोच्या ग्रंथालयात, पेटीच्या तळाशी कुठे पडली आहे का, हे विचारायचं आहे. ते विचारणारं माझं पत्र अजून लिहायचं राहिलं आहे.