जनार्दनच्या आयेचे धवळे

जनार्दन आज सकाळी गेला.

त्याच्या आईची गाणी तीस वर्षांपूर्वीच गेली होती. ती मी घालवली.

हे त्याच्या हयातीत लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

ओवे गावाहून पनवेलला शाळेत यायचा. माझ्या मराठीच्या तासाला चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, कौलांतून ऊन उतरायचं, मी डोळे मिटून ऐकत बसायचो. हा एकटा गप्प.

"का रे, येत नाही?"

"येतं सर. पन आमची आये यापेक्षा भारी गाते."

वर्ग हसला. मीही हसलो.

त्याची आई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधी सांगत गाणारी बाई. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. अक्षरओळख नाही, पण बावीस धवळे तोंडपाठ. त्यातले बरेचसे तिचे स्वतःचे.

पुढे जनार्दनने पनवेलला एका टेलरच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला. त्याच सुमारास आई आजारी पडली. धाकटी बहीण कुंदा लग्नाची होती.

आई म्हणाली, "मी नसलू तरी पोरीच्या लग्नान माजंच धवलं गावा."

त्याने टेपरेकॉर्डर नेला. तिने हात आडवा केला. "माजा आवाज डब्यान नको भरू. मांडव नाय, नवरी नाय, कोनासाठी गाऊ?"

शेवटी ती न गाता नुसते शब्द सांगायची. हा क्लासमध्ये येऊन टाइप करायचा. आठवड्याला एक धवळा. बावीस पुरे झाले आणि महिन्याभरात ती गेली.

मशीनला हार्ड डिस्क नव्हती. सगळं एका फ्लॉपीवर. तीही जुनी, मोठी, मऊ. मध्ये उघडी खिडकी, आतली तपकिरी चकती दिसायची.

जनार्दनने तिच्या आणखी दोन कॉप्या केल्या. एकूण तीन फ्लॉप्या. बिस्किटांचे तीन डबे. एक क्लासमध्ये, एक ओव्याच्या घरात, एक माझ्या कपाटात.

"सर, येका वेली तीन घरं नाय जलत."

बॅकअपबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

प्रिंट काढून ठेवू, असंही म्हणाला. मी अडवलं. मला ते धवळे कच्चे वाटत. कुठे मात्रा जास्त, कुठे यमक हुकलेलं.

"आधी वृत्तात बसवू, मग छापू."

"आयेचा तसाच राहू द्या ना."

"अरे, किती गोड होईल बघ."

"फाइलीला हात नाय लावायचा सर. तुमचं तुमी वहीत लिवा."

मग मी क्लासमध्ये स्क्रीनवर वाचून वहीत लिहीत राहिलो. माझ्या सुधारलेल्या ओळी.

त्या वर्षी दसऱ्याला मी माझा डबा घेऊन क्लासवर गेलो. पाटीवर सरस्वती काढली. म्हटलं, "तिन्ही डबे मांड. आईची विद्या आहे, एकत्र पुजू."

तो घुटमळला. "तीनी येका टेबलावर नको सर."

"एका दिवसाने काय होतंय? देवीसमोर आहेत."

मी त्याचा सर होतो. त्याने तिन्ही मांडले.

क्लासमधली फ्लॉपी मी पाकिटातून बाहेर काढली. बोट ओलं करून हळद लावली, चिमूटभर कुंकू वाहिलं. बाकीच्या दोन डब्यांवर नुसती झेंडूची फुलं.

संध्याकाळी म्हणालो, "लाव रे, दोन धवळे वाचू."

त्याने फ्लॉपी फडक्याने पुसली आणि आत सारली.

कर्र असा आवाज आला. स्क्रीनवर एरर.

"सर, कायतरी आत गेलं. मशीनवाला येईस्तोवर थांबू."

"घाबरतोस काय? ओव्याची घाल. तिला कुठे काय लावलंय?"

त्याने घातली. कर्र.

आता तरी मी गप्प बसायला हवं होतं. मला नुसतं खात्री करून घ्यायची होती, की माझ्या कपाटातली तरी शाबूत आहे.

"माझी घाल."

जनार्दनने माझ्याकडे पाहिलं. मग घातली.

चार दिवसांनी मशीनवाल्याने ड्राइव्ह उघडला. वाचणाऱ्या हेडवर कुंकवाचा लाल, खरखरीत थर बसला होता. पहिली फ्लॉपी कुंकवाने गेली. बाकीच्या दोन चांगल्या होत्या, त्या त्या हेडने खरवडल्या.

तीन घरांत सुखरूप असलेलं सगळं एका टेबलावर पाच मिनिटांत संपलं.

तो ओरडला नाही. वाईट वाटतं ते त्याचंच. एवढंच विचारलं, "सर, तुमच्या वहीत हायत ना?"

मी हो म्हणालो.

वहीत फक्त माझ्या ओळी होत्या. तिच्या मी उतरवूनच घेतल्या नव्हत्या. आठवायला बसलो. शाळेतल्या कविता मला आजही चालीसकट येतात, पण तिच्या एका ओळीत जातं होतं की मुसळ, तेही आठवेना. त्या जागी मी लिहिलं होतं, 'सोनपावलांनी आली हळदीची उषा'.

तीच वही मी त्याला दिली. आईचेच आहेत, म्हणालो.

कुंदाच्या हळदीला दुसरी धवलारीण आली. जनार्दन एकेक ओळ वाचून सांगत होता. म्हातारी मध्येच थांबली.

"धवला कोनाचा रं ह्यो? शालंतला वाटतं."

बायका हसल्या.

जनार्दन वहीतून मान वर न करता म्हणाला, "आयेचाच हाय. गा."

मी मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलो होतो. सरांना मान म्हणून.

त्याला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. त्यानेही नंतर ते डबे, ती वही, कशाचंच नाव काढलं नाही. दर गुरुपौर्णिमेला मात्र यायचा.

कुंदा, तू फेसबुकवर आहेस, हे वाचशील. तुझ्या लग्नात गायले गेले ते तुझ्या आईचे धवळे नव्हते. त्यात तिची एक ओळही नव्हती. माझे होते.

हे मी त्याला सांगायचं होतं, तुला सांगतोय.

जनार्दन, जा बाळा. तुझ्या सरांचा तुला हात जोडून शेवटचा नमस्कार.