एक वाचक

"बरं, मग?"

हनुवटीखाली मूठ टेकवून, चष्म्यावरून बघत आमच्या बाई हे विचारायच्या. पोरगं डबा सांडल्याचं सांगत असो की मुख्याध्यापक नवा नियम सांगत असोत, प्रश्न हाच. असं मन लावून ऐकणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुमचं नशीब, दुसरं काय.

चारकोपच्या आमच्या शाळेत त्या चौथी ‘अ’ला शिकवायच्या, मी शेजारी ‘ब’ला. त्यांनी वर्गाचा ब्लॉग काढला तेव्हा मी चिडवलं, "बाई, पोरं वहीत दोन ओळी लिहीत नाहीत. ब्लॉगवर काय दिवे लावणार?"

"वहीतलं मी एकटीच वाचते ना सर. कंटाळणारच ती."

त्यांच्या वर्गातल्या प्रणालीचं घर त्याच वर्षी जालन्याकडून इथं आलेलं. तिनं लिहिलं, ‘मंग आई उठली. मंग पाणी आलं. मंग म्या हंडा भरला.’ वर्गात वाचल्यावर पोरं हसली आणि दोन आठवडे तिची वही कोरी राहिली. ही आता लिहिणंच सोडणार, या धास्तीनं बाईंना डबा गोड लागेना.

शेवटी तिला विचारून त्यांनी तो मजकूर जसाच्या तसा ब्लॉगवर टाकला. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, निदान ‘मंग’ तरी सुधारा. लोक शाळेला नावं ठेवतील."

"वहीत सुधारीन ना सर. इथं ती बोलतेय."

दुसऱ्या दिवशी खाली कमेंट आली. नाव: एक वाचक. ‘बरं, मग? हंडा भरल्यावर काय झालं?’ प्रणालीनं ती चारदा वाचली आणि मधल्या सुट्टीतच पुढचं लिहायला बसली. हळूहळू हा वाचक सगळ्यांनाच लिहू लागला. शनिवारी कॉम्प्युटरच्या तासाला एका बोटानं टाइप करताना पोरं भांडायची, "सरक ना यार, माझा वाचक वाट बघतोय."

एकदा प्रणाली म्हणाली, "बाई, ह्यो वाचक तुमच्यावानीच बोलतो."

बाई लाजल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "बरं, मग?"

वर्ग खो खो हसला. पण लिहिणं कुणी थांबवलं नाही. उलट पोरं बाईंकडेच निरोप द्यायची, "वाचकाला सांगा, पुढचं उद्या." मला बाईंचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

यंदा बाई निवृत्त होऊन कणकवलीजवळच्या गावी गेल्या. तिथं फोन लागला तर लागला, इंटरनेटचं नावच नको. ब्लॉग माझ्या गळ्यात पडला. नव्या चौथीतल्या एका मुलीनं गोराईच्या बोटीत बसल्याचं लिहिलं. तीन दिवस कमेंट नाही आणि ती रोज विचारतेय, "सर, कोणी वाचलं?" म्हणून मीच ‘एक वाचक’ व्हायला बसलो, तर हातून उमटलं, ‘छान! असेच लिहीत राहा.’ माझी मलाच शरम वाटली. पुसून टाकलं.

सकाळी पाहतो तर एक वाचक हजर. ‘बरं, मंग? बोट लई हलली का?’

प्रणाली आता सातवीत आहे, वरच्याच मजल्यावर बसते. कमेंट सुधारायची सोय माझ्याकडे होती. मी तो अनुस्वार तसाच ठेवला.