पत्र्यावर तापलेला तलाव

"तलावाचं पाणी पंचेचाळीस अंश?" सर स्क्रीनकडे बघत म्हणाले. "यात मासे सोडायचेत की शिजवायचेत?"

मला हसू आलं नाही. सिंदेवाहीजवळच्या त्या तलावाकडे मत्स्यबीजाची, म्हणजे बोटभर पिल्लांची, गाडी निघाली होती. मासेमारी सोसायटीची वर्षाची कमाई त्या गाडीत होती. आणि आमचं मॉडेल सांगत होतं, पाणी आठवडाभर तापलेलंच राहील, सोडू नका.

माझं खरं काम समुद्राचं. पाणी उद्या किती तापेल याचा अंदाज मॉडेल गणिताने बांधतं. पाण्यात तरंगणारी यंत्रं प्रत्यक्ष तापमान कळवतात आणि त्यावरून आम्ही अंदाज दुरुस्त करत राहतो. याला डेटा असिमिलेशन म्हणतात. तीच पद्धत मी हट्टाने माहेरच्या या तलावावर लावली होती, तापमान मोजणारा एक डबा पाण्यात तरंगत ठेवून. "समुद्र सोडून डबकं," म्हणून सर मला चिडवायचे.

"गाडी परत पाठवायला सांग," सर म्हणाले. "ऑब्झर्व्हेशन आहे, नाकारणार कसं?"

"सर, तासापूर्वी आकडा नेहमीचा होता. पाणी तासाभरात एवढं तापत नाही. आधी विचारते."

सोसायटीच्या अध्यक्ष सुमनबाईंना फोन लावला.

"बाई, पाणी लय तापलं का?"

"नाई वो पोरी. आताच पाण्यातून निघाली मी. थंडगार आहे."

"मग आपला डब्बा असा काऊन सांगते?"

"डब्बा तं शेडच्या पत्र्यावर आहे! बीज सोडाच्या आधी जाळं फिरवून मरळ काढून राह्यलो ना. जाळं अटकते त्याच्यात. खाली ठेवला तं बकऱ्या वायर खातेत."

मरळ हा पिल्लं गट्ट करणारा मासा. तो आधी काढावाच लागतो. मी मात्र पोट धरून हसले. उन्हातल्या पत्र्याचा ताप मॉडेलने तलावाला लावला होता.

पत्र्यावरचे आकडे काढून मॉडेल पुन्हा चालवलं. अंदाज ताळ्यावर आला. गाडी पोचली. पिल्लांना पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यांच्या पिशव्या थोडा वेळ तलावावर तरंगू दिल्या, मग ती सोडली. संध्याकाळी सुमनबाई म्हणाल्या, "सारी जित्ती आहेत." मला इतका आनंद झाला की अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले.

मग मॉडेलमध्ये एक चेक, म्हणजे आकडा तपासणारा नियम, लिहिला: पाणी तापू शकत नाही इतक्या वेगाने आकडा चढला, तर तो धरायचा नाही. सरांनी तो गुपचूप समुद्राच्या मॉडेललाही लावला. तिथेही कोणी यंत्र उचलून नावेवर ठेवतं आणि कागदावर समुद्र तापतो. आकडा खरा असला, तरी तो कुठे बसून मोजलाय हे विचारावं.

सुमनबाईंचा माझ्या चेकवर फारसा भरवसा नाही. पुढच्या वेळी जाळं टाकायच्या आधीच त्यांचा फोन आला.

"पोरी, डब्बा काढून राह्यलो. तुह्या मॉडेलले सांगून दे, घाबरू नको म्हण."